वजन उतरवायचं तर सेब जेवणाआधी की जेवणानंतर?

सेब खाल्ल्यानं वजन उतरते की वाढते यावर गावात दोन पार्ट्या आहेत. व्हॉट्सॲपवर एक जण सांगते रोज उपाशीपोटी सफरचंद खा, चरबी वितळून जाईल, अन दुसरा सांगते त्यात साखर असते, वजन कमी करायचं असेल तर हातच नका लावू. दोघंही चुकतात. चरबी वितळवणारं असं काहीच सफरचंदात नाही, अन रोजच्या एका सफरचंदानं कोणी जाडही होत नाही. पण ते कसं खाता, कधी खाता अन कशाच्या जागी खाता यानं बराच फरक पडते, आणि यावर चांगला अभ्यास झालेला आहे.

आधी त्यात असते काय ते पाहू. 100 ग्रॅम सफरचंदात 85-86 ग्रॅम नुसतं पाणी, साखर साधारण 10 ग्रॅम, सालीसकट फायबर 2.4 ग्रॅम अन कॅलरी फक्त 52. मध्यम आकाराचं, 180 ग्रॅमच्या आसपासचं फळ धरलं तर 95 कॅलरी झाल्या. आता याच्या बाजूला आपली तर्री-पोह्याची प्लेट ठेवा. वरून जी लाल तर्री सोडतात त्यात मोठा चमचाभर तेल सहज असते, तेवढ्या तेलाच्याच 120 कॅलरी, पोहे अन वरचा चिवडा वेगळा. तेलाला पोटात जागा किती लागते? जवळपास नाहीच. सेब मात्र चांगली जागा अडवते, अन पोट भरल्याची जाणीव बरीचशी पोट किती ताणलं यावरच असते, म्हणून कमी कॅलरीत पोट भरवणारं फळ वजन उतरवताना कामात येते.

पण ते चावून खाल्लं तर. 1977 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी दहा जणांवर एक प्रयोग केला, लहानसाच, पण मला तो फार आवडते. सारख्याच साखरेचं सफरचंद त्यांनी तीन तऱ्हेनं दिलं, एकदा अख्खं, एकदा गर करून, एकदा रस काढून. अख्ख्या फळापेक्षा रस 11 पट वेगानं संपला. मग त्यांनी मुद्दाम तिन्ही गोष्टी सारख्याच वेळात संपवायला लावल्या, तरी रसानं पोट कमी भरलं. वरून रसानंतर इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणारं हार्मोन, जास्त वाढलं अन मग रक्तातली साखर झपकन खाली आली, अख्ख्या फळानंतर तशी नाही आली. फळ तेच, साखर तेवढीच, नुसतं मिक्सरमधून काढलं तर एवढा फरक!

पुढं 2009 मध्ये अमेरिकेच्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीत जेवणाच्या 15 मिनिटं आधी लोकांना सफरचंद खायला दिलं. त्या सफरचंदाच्या कॅलरी धरूनही, जेव्हा आधी काहीच दिलं नव्हतं त्या वेळेपेक्षा एकूण खाणं 15 टक्क्यांनी कमी झालं. रस दिला तेव्हा असं झालं नाही, अन रसात वेगळं फायबर घालून दिलं तरी अख्ख्या फळाची बरोबरी झाली नाही, हे फायबरची पावडर विकत घेणाऱ्यांनी वाचून ठेवावं. चावायला वेळ लागते, तेवढ्यात पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचते, अन फळातलं पेक्टिन नावाचं फायबर पाणी धरून घट्टसर होते त्यामुळं पोट हळूहळू रिकामं होते. संत्र्यात पण पेक्टिन असते, फोडीच्या पापुद्र्यात अन त्यावरच्या पांढऱ्या धाग्यांत, पण आपल्याकडे काटोल-वरुडच्या बागा एवढ्या जवळ असूनही फोड चोखायची अन चोथा थुंकायचा अशी सवय आहे, कामाचं फायबर असं थुंकल्या जाते.

आमच्या गावात एक काकू आहेत, डॉक्टरनं वजन कमी करा म्हटल्यापासून रोज सेब खाऊन राहिल्या. मला म्हणाल्या, "काहून रे बाबू, एवढं महाग फळ खातो तरी वजन काही उतरून नाही राहिलं." कधी खाता विचारलं तर रात्री जेवण झाल्यावर, म्हणजे दोन पोळ्या, वरण-भात, भाजी सगळं होऊन वरून सेब, तेही सोलून. आता यात वजन उतरणार कसं, जेवण तेवढंच राहिलं अन वरून 95 कॅलरी वाढल्या. मी म्हटलं काकू, तेच फळ जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी खा, अन पहिली पोळी झाली की थांबून पाहा भूक उरली का. नाहीतर चार वाजता चहासोबत जे टोस्ट-खारी खाता त्याच्या जागी खा. अन सोलू नका, कारण साल काढली की 100 ग्रॅममागं फायबर 2.4 वरून 1.3 ग्रॅमवर येते, जवळपास अर्धं. मेणाच्या चकाकीची भीती वाटत असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा, फडक्यानं पुसा, अन खा.

फरक किती पडते हेही खरं सांगायला पाहिजे. ब्राझीलमध्ये जास्त वजनाच्या बायांना रोज तीन सफरचंदं 10 आठवडे दिली, त्यात सरासरी वजन उतरलं साधारण 900 ग्रॅम. काही जणींना नासपती दिली होती, त्यांचंही जवळपास तेवढंच. तेवढ्याच फायबरची ओटची बिस्किटं ज्यांना दिली त्यांचं वजन मात्र म्हणावं तसं उतरलं नाही. अडीच महिन्यात किलोभरही नाही, मग सेब खाऊन महिन्यात दहा किलो उतरवा म्हणणाऱ्या पोस्टवर विश्वास कसा ठेवायचा?

काही जण म्हणतात सेब खाल्लं की उलट भूक लागते. लागू शकते, कारण त्यात प्रोटीन 100 ग्रॅममागं जेमतेम 0.3 ग्रॅम अन फॅट नावापुरतं. सोबत मूठभर फुटाणे खाल्ले तर जास्त वेळ धकते. फळातल्या फ्रुक्टोज अन सॉर्बिटॉल या गोड पदार्थांनी कोणाकोणाला गॅस होतात, त्यांनी अर्धंच खावं. पण दोन-तीन दिवस नुसते सेबच खाऊन राहायचं हा जो प्रकार चालते तो करू नका बाप्पा. किलोभर सेबात प्रोटीन तीन ग्रॅमच्या आसपास, काट्यावर जे कमी दिसते त्यात पाणी बरंच असते, अन असं वारंवार केलं तर अंगातलं मांस झिजते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना असं नुसत्या सेबावर राहिलं तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते, जिवावर बेतू शकते.

अन पैशाचं पाहाल तर काश्मीर-हिमाचलवरून आलेलं फळच पाहिजे असं काही नाही. बांधावरचा जांब, म्हणजे पेरू, 100 ग्रॅमला 68 कॅलरी, पण फायबर 5 ग्रॅमच्या वर, सेबाच्या दुप्पट, अन व्हिटॅमिन सी 200 मिलिग्रॅमच्या वर, सेबात ते पाचही नाही. हिवाळ्यात आठवडी बाजारात जांबाचे ढीग लागलेले असतात, तेव्हा सेबाच्या गाडीपाशी उभं राहून भाव करायची गरजच नाही. थोडा कडक पाहून घ्या म्हणजे चावायला वेळ लागते, साल ठेवा, बिया चावल्या गेल्या नाहीत अन तशाच पोटात गेल्या तरी काही होत नाही.