साठीनंतरचे नैराश्य : औषधांपलीकडच्या उपचारांची पार्श्वभूमी

पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या माणसाच्या मनात बोलण्यातून होणाऱ्या उपचाराला लागणारी लवचिकता सहसा उरत नाही, असे मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०४ साली व्हिएन्नातल्या व्याख्यानात सांगितले. तेव्हा ते स्वतः ४८ वर्षांचे होते. त्यांचे सहकारी कार्ल अब्राहम यांनी १९१९मध्ये वेगळे मत मांडले: रुग्णाच्या वयापेक्षा आजार कोणत्या वयात जडला हे महत्त्वाचे. पण पगडा बसला तो फ्रॉइड यांच्या मताचा, आणि त्यापायी कित्येक ज्येष्ठांना बोलण्यातून होणारा उपचार कोणी सुचवलाच नाही.

१९६३मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी लिहिले की, म्हाताऱ्या माणसांचे जुन्या आठवणींत रमणे म्हणजे बुद्धी ढळणे नव्हे. ती आयुष्याची उजळणी आहे. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी आनंद देणारी कामे सुटत गेली की मन खचते, म्हणून ती ठरवून पुन्हा सुरू करावीत, अशी मांडणी केली. १९७१मध्ये समस्या-निराकरणाची पद्धत आली.

ज्येष्ठांसाठी तीच सर्वांत सोयीची ठरली, असे आम्हाला वाटते. समस्या नेमकी मांडायची, ध्येय ठरवायचे, पर्याय काढायचे, तोलायचे, एक निवडायचा, करून पाहायचा, पुढच्या भेटीत आढावा घ्यायचा. बिघडते ते पहिल्याच पायरीवर. ‘मुले विचारत नाहीत’ ही तक्रार झाली. ‘रविवारी मुलाला फोन कोणत्या वेळी करू?’ ही सोडवता येणारी समस्या. ऐकू कमी येत असेल तर ठरलेली गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी, नाहीतर ती घरी पोचेपर्यंत विसरली जाते.

गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेच्या चाचणीत हेच काम तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी केले. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेले साठीपुढचे १८१ जण त्यात होते. जोडीला झोपेचे नियम शिकवले. अशा नियमांचा गाभा साधा असतो: रोज ठरल्या वेळी उठणे, झोप आल्याशिवाय आडवे न होणे. २०१९मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरात तीव्र नैराश्य फक्त नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात सुमारे १४ टक्क्यांना झाले, समुपदेशन मिळालेल्या गटात ४ टक्क्यांना. हा प्रतिबंध होता, जडलेल्या आजारावरचा उपचार नव्हे. हा फरक विसरू नये.

खाणेपिणे सुटले, भास होऊ लागले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर गप्पांवर विसंबून दिवस घालवू नयेत; त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. तिथे १९३८पासूनची विद्युत-उपचार पद्धत (मेंदूला विजेचा सौम्य झटका देणे), आता भूल देऊन, अनेक वृद्धांना लवकर गुण देते.