कुरिअरने टाकू की ट्रान्सपोर्टने?

धारावीत आमचं बॅगांचं छोटं वर्कशॉप आहे. नवं गिऱ्हाईक फोनवर हमखास म्हणतं, "पार्सल करून टाका." आता मुंबईच्या बाजारात कुरिअरने गेलं तरी ते पार्सल आणि ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात टाकलं तरी पार्सलच. हलकं असेल तर कुरिअर, जड असेल तर ट्रान्सपोर्ट, असा सरधोपट हिशोब बहुतेक जण लावतात. तो निम्मा बरोबर आहे. मी नव्या पोरांना वेगळं सांगतो: कुरिअर पत्त्यावर चालतं, ट्रान्सपोर्ट बिल्टीवर, म्हणजे माल बुक केल्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर.

कुरिअरचा पोरगा संध्याकाळी येऊन खोका उचलतो आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातो. पैसे त्या दाराचे. पण वजन काट्यावरचंच धरतील असं समजू नका, खोका जागा किती अडवतो तेही धरतात. आमचा बारा बॅगांचा खोका 60 बाय 40 बाय 40 सेंटीमीटरचा, काट्यावर जेमतेम सात किलो. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार 96,000. त्याला 5000 ने भागलं की 19.2, आणि बिल लागतं 20 किलोचं. भागायचा आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा रेट ठरवतानाच तो विचारून घ्या. बॅगा, फोम, प्लॅस्टिकचे डबे असा फुगीर माल असेल तर सगळा खेळ इथेच आहे.

ट्रान्सपोर्टमध्ये माल आपण बुकिंग ऑफिसात पोचवायचा. तिथून तो बहुधा भिवंडीच्या गोदामात जातो आणि गावागावाप्रमाणे लावून मोठ्या गाडीत चढतो. भाडं बरंच कमी, कारण साध्या बुकिंगमध्ये माल समोरच्या शहरातल्या गोदामापर्यंतच जातो. हे मी एकदा स्वतःच विसरलो. नागपूरला चार खोके टाकले आणि बिल्टीवर 'पेड', म्हणजे भाडं आपण भरलं, असं लिहून घेतलं. म्हटलं, झालं काम. 'गोडाऊन डिलिव्हरी' हे दोन शब्द कोपऱ्यात होते, ते वाचलेच नाहीत. गिऱ्हाईक दुकानात वाट बघत बसलं, खोके गोदामात पडून. सहाव्या दिवशी फोन आला तेव्हा डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं गोदामभाडं, लागलं होतं, वर हमाली आणि टेम्पो. कुरिअरपेक्षा वाचवलेले पैसे त्यात गेले, आणि शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

म्हणून बिल्टी हातात पडली की तिथेच उभं राहून वाचायची. भाडं पेड की टू-पे (माल घेणाऱ्याने भरायचं), डिलिव्हरी दारात की गोदामात, नग किती. खोक्यांवर मार्करने 1/4, 2/4 असे आकडे टाकलेले असले की एखादा मागे राहिला तर लगेच कळतं.

याच बिल्टीचा एक फायदा कुरिअरच्या पावतीत नाही. गिऱ्हाईक नवं असेल तर बिल्टी 'सेल्फ'ची करायची, म्हणजे माल घेणाराही कागदावर आपणच. पैसे खात्यात आले की मागे सही-शिक्का मारून ती त्याच्याकडे पाठवायची. बिल्टी दाखवल्याशिवाय गोदामवाल्याने माल सोडायचा नसतो. उधारीच्या बाजारात याइतकी स्वस्त हमी दुसरी नाही.

नुकसानीचं मात्र आधीच बघून ठेवा. रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आणि त्याखालचे 2011 चे नियम सांगतात की जास्त किंमत जाहीर करून जादा जोखमीचे पैसे भरले नसतील, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडं 600 रुपये आणि माल 40,000 चा, तर हातात फार तर 6,000. दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. कुरिअरच्या पावतीमागेही बारीक अक्षरात मर्यादा असतेच. महाग माल असेल तर विमा वेगळा काढावा.

कराचं थोडक्यात: कुरिअरच्या बिलात 18 टक्के जीएसटी येतो. बिल्टीवाल्या ट्रान्सपोर्टचा सहसा 5 टक्के, तोही रिव्हर्स चार्जने, म्हणजे भाडं भरणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानेच भरायचा. ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, दोन्हीकडे लागतं: राज्याबाहेर माल 50,000 च्या वर गेला की, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर.

कुरिअर कंपन्यांची 'सरफेस', म्हणजे रस्त्याने जाणारी, सेवा या दोन्हींच्या मधली. दारात पोचवतात, रेट कमी, पण कमीत कमी इतक्या किलोचे पैसे द्यावेच लागतात. एकच खोका असेल तर ती अंगाशी येते. आणि छोटा हत्ती टेम्पो भरेल इतका माल असेल, तर गाडीच ठरवा.

नागपूरचं ते गिऱ्हाईक टिकलं. आता ऑर्डर देतानाच सांगतात, "ट्रान्सपोर्टनेच टाका, बिल्टीचा फोटो पाठवा, पोरगा जाईल गोदामात." सॅम्पलची एखादी बॅग मात्र अजून कुरिअरनेच मागवतात.