मोटारींसाठी स्वयंदुरुस्त पॉलिमर लेप

मोटारीच्या रंगावर उमटलेला बारीक ओरखडा उष्णतेने किंवा प्रकाशाने आपोआप बुजावा, अशा रचनेचा पारदर्शक लेप. पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर, असा क्रम असतो. क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. धुळीच्या गाडीवर कोरडे फडके फिरवले की चरे पडतात ते याच थरात. उन्हात ते सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार दिसतात. प्रत्यक्षात ते सगळ्या दिशांना गेलेले असतात, पण प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात.

यावरचा सरळ उपाय म्हणजे लेप कठीण करणे. मर्सिडीझ-बेंझने २००३ च्या अखेरीस सूक्ष्म सिरॅमिक कणांचा क्लिअर कोट आणला. निसानने २००५ मध्ये उलट वाट धरली: लवचीक रेझिनचा लेप दबतो आणि हळूहळू मूळ जागी येतो. तापमान व खोलीनुसार याला एक दिवस ते आठवडा लागतो.

दुरुस्तीचा दुसरा प्रकार रासायनिक आहे. इलिनॉय विद्यापीठात २००१ मध्ये पॉलिमरमध्ये, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थात, द्रवाच्या सूक्ष्म कुप्या मिसळल्या गेल्या. तडा गेला की कुपी फुटून द्रव घट्ट होतो. पण कुपी एकदाच कामी येते, शिवाय पातळ, नितळ क्लिअर कोटमध्ये ती बसवणे अवघडच. त्यामुळे रेणूंमधले तुटून पुन्हा जुळणारे बंध अधिक आश्वासक वाटतात. सदर्न मिसिसिपी विद्यापीठाने २००९ मध्ये कवचधारी प्राण्यांपासून मिळणारे कायटोसॅन पॉलियुरेथेन या पॉलिमरमध्ये गुंफले. अतिनील प्रकाशात चरा तासाभराच्या आत मिटला. दक्षिण कोरियातील रासायनिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०२२ मध्ये प्रकाश शोषून तापणारा रंगद्रव्याचा अंश घातला. उन्हाने पृष्ठभाग तापतो, बंध सुटतात व पुन्हा जुळतात. अर्ध्या तासात ओरखडा नाहीसा होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. चरा भरायला पॉलिमरच्या साखळ्या हलायला हव्यात, ओरखडा टाळायला त्या जखडलेल्या हव्यात. साखळ्या फार मोकळ्या ठेवल्या तर लेप मऊ पडतो, पेट्रोल व पक्ष्यांची विष्ठा त्यात मुरते; फार घट्ट बांधल्या तर दुरुस्ती थांबते. म्हणून साखळ्या सैल पडण्याचे तापमान नेमके राखणे हेच संशोधकाचे कौशल्य. चाचणीत वाळू वा ब्रशने घासण्यापूर्वी, घासल्यानंतर आणि तापवल्यानंतर चकाकी मोजतात.

किल्लीने थेट रंगापर्यंत ओढलेली रेघ यांतल्या कुठल्याच लेपाने भरत नाही, कारण तेथला पदार्थच खरवडून गेलेला असतो. बाजारात हे तंत्र मुख्यतः गाडीवर चिकटवायच्या पॉलियुरेथेन फिल्मच्या वरच्या थरात मिळते. गरम पाणी ओतले की तिच्यावरचे हलके चरे पुसले जातात.