लायसन्स आहे, पण गाडी काढायची हिंमत होत नाही?
(शिकणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी)

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात रोज विचारलं जातं, "गाडी हातात यायला किती दिवस?" नियमाने कारचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तास. तेवढ्यात बहुतेकांना गाडी येते. भीती कधी जाईल, ते मात्र तुमचा रविवार कसा जातो यावर ठरतं.

पाच-सहा क्लास होतात, क्लच-ब्रेकचा मेळ बसू लागतो. तेवढ्यात रविवारी घरचं कुणीतरी "चल, बघू काय शिकलीस" म्हणत स्वतःची गाडी काढतं आणि थेट साताऱ्याच्या गजबजलेल्या पोवई नाक्यावर नेतं. समोर एसटी, मागून हॉर्न, शेजारून "ब्रेक! अगं ब्रेक!" गाडी भर रस्त्यात बंद. सोमवारी त्याच शिकणाऱ्या मॅडम क्लासला येतात तेव्हा स्टेअरिंग आवळून धरलेलं, खांदे कानाला टेकलेले, नजर बॉनेटवर. मग दोन-तीन क्लास नुसतं हे निस्तरण्यात जातात, आणि पैसे तुमचेच जातात.

ओरडणाऱ्याचाही दोष नाही म्हणा. त्याच्या पायाखाली ब्रेक नसतो, म्हणून तो तोंडाने लावतो. आमच्या गाडीत ट्रेनरकडे वेगळा क्लच-ब्रेक असतो. "मग गाडी तुम्हीच चालवता की!" असं काहीजण म्हणतात. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे: ट्रेनरचा पाय पडला की तो मोठ्याने सांगतो, "हा माझा." हे शब्द कमी कमी ऐकू यायला लागले की आपलं आपल्यालाच कळतं. नुसत्या "छान, छान"ने ते होत नाही. आम्ही कौतुक करतो, पण नेमकं: "गिअर वळणाच्या आधी उतरवलात, म्हणून गाडी हिसकली नाही."

सुरुवातीला मैदानावर रेस न देता, फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायला लावतो. हा वेळकाढूपणा नाही. क्लच कुठे पकडतो हे पायाला कळलं की गाडी बंद पडायची धास्ती निम्मी संपते. उरलेली यवतेश्वर घाटात. चढावर हँडब्रेक ओढून थांबायचं, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनचा आवाज जड झाला, बॉनेट जरासं उचललं की थोडी रेस देऊन हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे येत नाही, हे एकदा स्वतःच्या हाताने पाहावं लागतं.

घाट होईपर्यंत घरच्या गाडीवर सराव नको. लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट 30 दिवसांनंतरच देता येते, घाई कशाला? नंतर जरूर करा. 'एल'चा बोर्ड लावा, शेजारी लायसन्सवाला हवाच. त्याने वळण चौकाच्या बरंच आधी सांगावं, स्टेअरिंगला हात लावू नये आणि गाडी बंद पडली तर गप्प बसावं. सगळ्यात अवघड हेच, असा आमचा अनुभव आहे.

त्यासाठी शेवटच्या आठवड्यात एका क्लासला घरच्यांपैकी एकाला मागच्या सीटवर बसवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

जुनं लायसन्स असलेल्यांसाठी वेगळी बॅच आहे: आधी आमच्या गाडीवर, मग ट्रेनरसोबत तुमच्या गाडीवर, तुमच्या रोजच्या रस्त्याने. सकाळच्या वेळा मे महिन्यात लवकर भरतात, तेव्हा एप्रिलमध्येच विचारून ठेवा.