‘नाइट’मधला मुका ‘के’

‘इनफ’मधला ‘जीएच’, ‘विमेन’मधला ‘ओ’ आणि ‘नेशन’मधला ‘टीआय’ जोडला की इंग्रजीत ‘जीएचओटीआय’चा उच्चार ‘फिश’ होतो, असा नाटककार बर्नार्ड शॉच्या नावावरचा मेसेज पुन्हा फिरतोय. ही गंमत 1855 सालच्या एका पत्रात सापडते आणि शॉ जन्मला 1856 मध्ये! शिवाय शब्दाच्या सुरुवातीला ‘जीएच’चा ‘फ’ इंग्रजीत कधीच होत नाही. इंग्रजी स्पेलिंग वेडंवाकडं दिसतं, पण ते बिनबुडाचं नाही. ‘नाइट’, म्हणजे सरदार, या शब्दातला मुका ‘के’ एके काळी खणखणीत म्हटला जायचा: ‘क्निख्त’.

खरी गोष्ट स्वरांची आहे. आ, ए, ई असं सावकाश म्हणून बघा. जबडा मिटत जातो आणि जीभ पायरी पायरीने वर चढते. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर असेच वर चढले. ‘नाम’सारखा म्हटला जाणारा शब्द ‘नेम’ झाला, ‘मेट’चा ‘मीट’ झाला. जिभेच्या मागच्या भागाने म्हटल्या जाणाऱ्या स्वरांतही तेच: ‘मोन’चा ‘मून’ झाला. मग आधीच माथ्यावर असलेले ई आणि ऊ जाणार कुठे? ते फुटून जोडस्वर झाले: ‘टीम’चा ‘टाइम’, ‘हूस’चा ‘हाउस’. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तो 1476 मध्ये, म्हणजे ही चढण चालू असतानाच. छपाईने अक्षरं हळूहळू पक्की केली, जिभा मात्र चढत राहिल्या.

याची किंमत मुलं मोजतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात पहिलीच्या अखेरीस फिनिश मुलं ओळखीचे 98 टक्के शब्द बरोबर वाचत होती, इंग्रजी शिकणारी फक्त 34 टक्के. तरीही 1906 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने 300 शब्दांची सुटसुटीत स्पेलिंगं सरकारी छपाईत आणली, तेव्हा अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, विरोधापुढे त्याला त्याच वर्षी माघार घ्यावी लागली.

उच्चाराप्रमाणे लिहा म्हणणं सोपं आहे, पण कोणाच्या? ‘कार’मधला ‘आर’ ग्लासगोत ऐकू येतो, लंडनमध्ये नाही. ‘साइन’मधला मुका ‘जी’ काढला तर ‘सिग्नेचर’शी असलेलं त्याचं नातं डोळ्यांना दिसेनासं होईल. तो राहू द्यावा. ‘आयलंड’मधला ‘एस’ मात्र कधीच उच्चारला गेला नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या, स्पेलिंगमध्ये ‘एस’ असलेल्या ‘आइल’शी (म्हणजे बेटच) गल्लत होऊन तो घुसला. आपण मराठीत 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ‘नांव’, ‘गांव’वरचे अनुच्चारित अनुस्वार काढले आणि कुणाचं वाचन अडलं नाही. इंग्रजांनीही निदान हा ‘एस’ तरी काढून टाकावा.