आग तर एकच, मग मडकं कडक अन् तांबं नरम का?

उन्हाळी कला शिबिर होतं दहा दिवसांचं, सकाळी सात ते दहा. दहानंतर खान्देशात मे महिन्यात शहाणा माणूस बाहेर पडत नाही, पडलाच तर डोक्याला रुमाल आणि खिशात कांदा (कांद्याचं विज्ञान मला विचारू नका, आजी द्यायची म्हणून आम्ही पण ठेवतो). चौथी ते आठवीची पोरं, अर्धे दिवस मातीकाम आणि अर्धे दिवस तांब्याचं काम. मातीला गावातले कुंभार आप्पा, तांब्याला तांबट नाना, आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मला बोलावलं होतं, म्हणजे खरं सांगायचं तर हजेरी घ्यायला आणि सरबत वाटायला.

सातव्या दिवशी एका पोरीने प्रश्न टाकला. आदल्या दिवशी आप्पांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची उघडी भट्टी, पेटवलेला बघितला होता, आज नाना गॅसच्या बर्नरवर तांब्याची चकती तापवत होते. ती म्हणाली, "सर, आग तं एकच शे ना, मंग मडकं कडक आनि तांबं नरम काबर?"

मी म्हटलं उद्या सांगतो. मास्तर लोकांचं हे ठरलेलं उत्तर.

तर आता सांगतो. पण सुरुवात मातीपासून करावी लागेल कारण गडबड तिथेच झाली होती.

पहिल्या दिवशी पोरांनी आपापल्या शेतातली काळी माती आणली, पिशव्या भरभरून. आपली कपाशीची काळी जमीन म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट खडक झिजून झालेली, हाताला लोण्यासारखी लागते, पोरांना वाटलं हिच्याइतकी भारी माती कुठे मिळणार. आप्पांनी बघितलं आणि हसले. मग आम्ही एक साधा खेळ केला: काळ्या मातीची एक पट्टी आणि आप्पांच्या मळलेल्या मातीची एक पट्टी, दोन्हींवर चाकूने बरोबर दहा सेंटिमीटरच्या खुणा, आणि ठेवल्या सावलीत. तीन दिवसांनी काळ्या मातीची खूण साडेआठवर आली होती आणि पट्टी तीन ठिकाणी तडकलेली, आप्पांची सव्वानऊ आणि अखंड. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात ना, तेच, फक्त पट्टीएवढं.

चिकणमातीचे कण म्हणजे गोळे नसतात, पातळ पापुद्रे असतात, एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही बारीक. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी असतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवा, सरकतात मस्त पण उचलून वेगळ्या करायला गेलं की चिकटून बसतात, मातीला आकार देता येतो तो याच्यामुळेच. काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाचं खनिज जास्त असतं आणि त्याची खोड अशी की पाणी पापुद्र्यांच्या मधेच नाही तर खनिजाच्या आतल्या थरांतसुद्धा घुसतं, माती फुगते, आणि वाळताना तेवढंच सगळं आक्रसतं. म्हणून आप्पा तीत नदीचा गाळ, बारीक वाळू आणि घोड्याची लीद घालतात. वाळू आक्रसत नाही, ती सांगाड्यासारखी उभी राहते, आणि लीद भट्टीत जळून जाते आणि मागे बारीक बारीक भोकं ठेवते. या भोकांकडे पुन्हा येतो.

वाळवणं पण मजेशीर. घरी गच्चीवर बिबड्या (आपले ज्वारीचे पापड) वाळत घातलेल्या सगळ्यांनी बघितल्यात, कडा आधी वाळतात, आक्रसतात, आणि बिबडी वाटीसारखी वर उचलते. मातीच्या ताटलीचं सेम होतं. पोरांना हे सांगायची गरजच पडली नाही, एक जण स्वतःच म्हणाला सर हिची बिबडी झाली. उपाय पण घरचाच, ओलं फडकं कडांवर टाका म्हणजे मधला भाग आणि कड एकाच चालीने वाळतात.

आता गडबड. सहावीतल्या एकाने हत्ती केला होता, भरीव, पोट वांग्याएवढं. आप्पा म्हणाले अजून चार दिवस राहू द्या, "माटीले घाई चालत नई सर." मी म्हटलं आप्पा, एवढं ४३ डिग्री ऊन आहे, वरून खडखडीत वाळलाय, जाऊ द्या आव्यात. चूक पूर्ण माझी. आवा रचला, खाली पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मग मडकी आणि पोरांच्या वस्तू, वर गोवऱ्या, त्यावर पालापाचोळा आणि राखेचा थर. पेटवून तासभर झाला असेल, आतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. आप्पांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

लोक म्हणतात आत हवेचा बुडबुडा राहिला की वस्तू फुटते. तसं बहुतेक वेळा नसतं. हवा तापली तर दाब दुप्पट-तिप्पट होईल, तेवढा माती सोसते आणि ती भोकाभोकांतून निघून पण जाते. खरा गुन्हेगार पाणी. एक लिटर पाण्याची १०० अंशांवर साधारण १७०० लिटर वाफ होते आणि जाड पोटाच्या आत अडकलेली ओल २०० अंशांपर्यंत गेली की तिचा दाब बाहेरच्या हवेच्या पंधरापट, म्हणजे हत्तीच्या पोटात प्रेशर कुकर आणि शिट्टीच नाही. म्हणून भरीव काही करायचं नाही, भिंत बोटाएवढी ठेवायची, पोट आतून कोरायचं, आणि सुरुवातीचे दोन तास आच अगदी हळू.

वाफेचा धोका टळल्यावर मातीत जे होतं त्याला परत फिरणं नाही. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या मधे खनिजाच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं, हे ओलीचं पाणी नाही बरं का, हे हाडात मुरलेलं. शुद्ध केओलिन म्हणजे पांढऱ्या चिनी मातीत हे वजनाच्या जवळपास १४ टक्के असतं. ते गेलं की पापुद्र्यांची जुनी मांडणी मोडते, कण एकमेकांना कायमचे बांधले जातात, आणखी वर गेलं तर काही भाग वितळून काचेसारखा चिकटतो. वाळलेलं पण न भाजलेलं मडकं बादलीत ठेवा, पाच-दहा मिनिटांत त्याचा चिखल होतो (आम्ही ठेवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, ज्याचं होतं तो रडला). भाजलेलं ठेवा, वर्षभर ठेवा, मडकं ते मडकंच. रंग पण आगच देते. मातीतल्या लोखंडाला हवा भरपूर मिळाली तर लाल, धुरात कोंडलं तर काळं, त्यामुळे एकाच आव्यातलं एकच मडकं इकडून लाल आणि तिकडून काळं निघतं.

उघड्यावरच्या आव्यात तापमान साधारण ७०० ते ८५० अंश. एवढ्यात माती पूर्ण काचेसारखी होत नाही, लिदीची भोकं पण तशीच राहतात, आणि हा जो कच्चेपणा आहे ना त्याच्यावरच तर आपलं मटक्याचं गार पाणी चालतं! आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर भरतो तीसुद्धा पाझरली पाहिजे. पाणी भिंतीतून झिरपतं, बाहेर वाफ होते, आणि एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २४०० जूल उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या मटक्यातून १०० मिली उडालं तर हिशेबाने उरलेलं पाणी साडेपाच-सहा अंशांनी गार होऊ शकतं, बाहेरून काहीच उष्णता आली नाही तर. आपल्याकडे ४४ डिग्री असतं पण हवा कोरडीठाक, आर्द्रता १५ टक्के धरा, तर अशा हवेत बाष्पीभवनाने पाणी गार होत २३ अंशांच्या आसपास खाली उतरू शकतं. मुंबईत ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असली तर २८ च्या खाली जायचं नावच नाही. तिकडच्या पाहुण्यांना मटक्याचं कौतुक नसतं त्याचं कारण हे, त्यात त्यांची चूक नाही.

आता तांबं. पोरांना दिलेली चकती अर्धा मिलिमीटर जाड, तळहाताएवढी. ओंडक्यात खळगा कोरलेला, त्यावर चकती ठेवायची आणि लाकडी मोगरीने कडेकडून आत गोल गोल ठोकत यायचं, वाटी व्हायला लागते. पहिली दहा मिनिटं आवाज टप टप टप. मग हळूहळू टण टण व्हायला लागतं, मोगरी उसळते, हात दुखतो, वाटी पुढे सरकतच नाही. आणि तरी हट्टाने ठोकत राहिलं तर कडेला चीर. नाना लांब बसून, डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तुझी झाली रे कडक, आण इकडे."

तांब्याचे अणू रांगांमध्ये शिस्तीत बसलेले असतात, पण शिस्त पक्की नसते, मधेच एखादी रांग अर्ध्यात तुटलेली. खळ्यावर मोठी ताडपत्री सरकवायची असेल तर आपण अख्खी ओढत नाही, एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती ढकलत दुसऱ्या टोकाला नेतो, चार माणसांचं काम एकटा करतो. धातूतले हे दोष म्हणजे तशाच सुरकुत्या, त्या सरकतात म्हणून धातू वाकतो. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी वेगवेगळं बसून हीच कल्पना मांडली. पण ठोकलं की सुरकुत्या नुसत्या सरकत नाहीत, नव्या तयार होतात, हजारोपटींनी वाढतात, आणि मग आठवडे बाजाराच्या गल्लीत चारी बाजूंनी हातगाड्या घुसल्यावर जे होतं ते होतं. कोणीच हलू शकत नाही. त्यालाच आपण कडक झालं म्हणतो.

नाना चकती मंद लाल होईपर्यंत तापवतात, ६०० अंशांच्या आसपास. तांबं वितळायला १०८५ लागतात म्हणजे अजून बरंच लांब. पण एवढ्या उष्णतेत अणूंना हलायला जीव येतो आणि त्या कोंडीच्या जागी नवे, स्वच्छ, सरळ रांगांचे कण उगवतात. बाजार उठला, गल्ली झाडून मोकळी. मग नाना ती लाल चकती सरळ बादलीत टाकतात, छुंऽऽ, आणि पोरं दचकतात, कारण विळ्याला पाणी देताना लोहार हेच करतो आणि विळा कडक होतो. पोलादात कार्बन असतो, झटकन गार केलं की तो आत अडकतो आणि पोलाद कडक होतं, तांब्यात ती भानगड नाही, ते बादलीतून निघालं तरी मऊच. वर चढलेला काळा थर म्हणजे कॉपर ऑक्साइड, तो चिंच-मीठ लावून निघतो, आम्लात विरघळतो. हे एका पोरीने मला शिकवलं, तिची आजी देवाची भांडी रोज घासते.

म्हणजे आग दोघांकडे वेगळं काम करते. मातीत ती नवीन बंध बांधते, तांब्यात अडकलेलं सोडवते. मातीचा प्रवास एकमार्गी आहे आणि तांबं कितीदाही मागे येतं.

हे कळलं की आपल्याच जिल्ह्यांतली एक गोष्ट वेगळी दिसायला लागते. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावात १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली वस्ती, म्हणजे दगडाची पाती आणि जोडीला थोडंसं तांबं वापरणारी माणसं. त्या काळच्या एका रंगीत भांड्यांच्या प्रकाराला तर आपल्या तापीकाठच्या सावळद्याचंच नाव आहे. अशा गावांत खापरं ढिगाने सापडतात आणि तांबं मोजकं, त्याचं एक कारण हे की तांबं मौल्यवान होतं आणि मोडलं तरी वितळवून पुन्हा वापरता यायचं. फुटलेल्या मडक्याचं काय करणार, उकिरड्यावर. म्हणून चार हजार वर्षांनी आपल्याला उकिरडाच वाचायला मिळतो.

कोणी असं शिबिर घेणार असेल तर दोन गोष्टी. एक पोरगा घरून पत्र्याचा तुकडा घेऊन आला होता, हा पण तापवा म्हणून. पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तो तापला की पांढरा धूर येतो आणि त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, तेव्हा तसला पत्रा आगीजवळ आणायचाच नाही. आणि मातीकामाची जागा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, ती बारीक धूळ फुप्फुसात जाते. बर्नर मोठ्यांच्याच हातात आणि अंगावर सुती कपडे, हे सांगायला नकोच.

शेवटच्या दिवशी आप्पांनी हत्तीचे तुकडे मागितले. पोराने ते खिशात जपून ठेवले होते, सोंड वेगळ्या कागदात बांधून. सोंड त्याने दिली नाही, बाकीचे दिले. आप्पांनी ते दगडाने कुटले, चाळले आणि पुढच्या गाऱ्यात मिसळले. भाजलेली माती पुन्हा आक्रसत नाही, वाळूसारखंच काम करते, आपटल्यावर तडा लवकर पुढे जात नाही. त्या गाऱ्यातून आप्पांनी चाकावर छोटे छोटे लोटे काढले, प्रत्येकाला एक, आणि पुढच्या आव्यातून निघाल्यावर एकेक लोटा टिचकी मारून वाजवून दिला, टण आवाज आला तरच. तेवीस टण वाजले. एक भद्द वाजला, तो आप्पांनी न बोलता माझ्या हातात ठेवला.