रुग्णसंख्येच्या आकड्याखालचा छेद

मे २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरात कोविडचे रुग्ण पुन्हा आढळू लागले, तेव्हा खारघरमधील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर नवी मुंबई महापालिकेचा आकडा फिरू लागला आणि तो लहान असल्याने अनेकांना हायसे वाटले. आकडा खरा असेलही, पण त्यात खारघर नव्हतेच. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईतील खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात मोडतात. नवी मुंबई महापालिकेची हद्द या बाजूला बेलापूरपर्यंतच आहे. ‘ठाण्यात’ हा शब्द तर त्याहूनही फसवा आहे, कारण ठाणे जिल्ह्यात ठाणे शहरासह सहा महापालिका आहेत आणि बातमीचा मथळा शहराविषयी आहे की जिल्ह्याविषयी, हे बहुधा मथळ्यात नसतेच. म्हणून स्थानिक माहिती शोधताना आपला मालमत्ता कर कोणती महापालिका घेते, तिचेच रुग्णसंख्येचे पत्रक आधी पाहावे.

हद्द जुळली, तरी नुसती रुग्णसंख्या म्हणजे छेदाशिवायचा अंश होय. एका दिवशी १००० चाचण्यांत ५० बाधित आढळले आणि दुसऱ्या दिवशी २००० चाचण्यांत ८०, तर रुग्ण वाढले असे वाटते. प्रत्यक्षात बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये निर्बंध सैल करण्यासाठी सुचवलेल्या निकषांपैकी एक हाच होता : पुरेशा चाचण्या होत असताना हे प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावे. मात्र छेदात कोणती माणसे आहेत, यावर सारे अवलंबून असते. बाजारात किंवा रेल्वे स्थानकावर लक्षणे नसलेल्यांच्या सरसकट अँटिजेन चाचण्या केल्या, तर छेद फुगतो. शिवाय ही चाचणी आरटी-पीसीआरपेक्षा कमी संवेदनशील असल्याने काही बाधित तिच्यातून निसटतात, त्यामुळे अंशही घटतो. साथीचा जोर तोच राहूनही प्रमाण उतरलेले दिसते. दोन्ही चाचण्यांचे आकडे वेगवेगळे दिले असतील, तरच पत्रकावरून काही निष्कर्ष काढता येतो.

यात काळाचाही गुंता आहे. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते पाच दिवस जातात, त्यानंतर माणूस स्वॅब देतो, मग अहवाल येतो आणि शेवटी नोंद होते. म्हणजे आजचा आकडा आठवड्याभरापूर्वीचा संसर्ग सांगतो. रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून सात दिवसांची सरासरी घ्यावी लागते. मृत्यूंची नोंद तर याहूनही मागे रेंगाळते : १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या यादीत आधीच्या १३२८ मृत्यूंची एकदम भर पडली, ते सारे त्या दिवशीचे नव्हते.

मार्च २०२० मध्ये, टाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो, असा संदेश सुशिक्षितांनीही पुढे पाठवला होता. ती अंधश्रद्धा खोडून काढणे सोपे होते; हद्द, तारीख आणि छेद गाळलेला खरा आकडा अधिक नुकसान करतो, कारण त्यावर कोणी शंकाच घेत नाही.

आता चाचण्या इतक्या कमी होतात, की बारापैकी तीन बाधित आढळले तरी २५ टक्के हा आकडा निरर्थक ठरतो, आणि घरगुती किटवर केलेल्या बऱ्याच चाचण्या तर कुठे नोंदल्याही जात नाहीत. अशा वेळी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांची संख्या अधिक विश्वासार्ह असते, आणि तिच्याही आधी सांडपाणी बोलते. बाधितांच्या विष्ठेतून विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, बाहेर पडते, मग त्यांनी चाचणी केलेली असो वा नसो. मलप्रक्रिया केंद्रात येणाऱ्या पाण्यात ते मोजले, तर त्या केंद्राला जोडलेल्या साऱ्या वस्त्यांचा एकत्रित कल कळतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी असे काम केले आहे. आपल्याकडे त्यात एक मोठी अडचण आहे : जूनपासून पावसाचे पाणी गटारांत शिरले की नमुना पातळ होतो, आणि किती पाणी मिसळले हे मोजल्याशिवाय त्या महिन्यांतील उतार खरा मानता येत नाही.